वाफा क्रमांक दोन

बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कंपनीत तक्तेसाहेबांनी एकवीस वर्षं काढली, आणि या एकवीस वर्षांत त्यांच्या हातून एकही झाकण बनलं नाही. झाकणं तळमजल्यावरची यंत्रं बनवायची. साहेब तिसऱ्या मजल्यावर बसून पुढच्या तीन महिन्यांत किती झाकणं लागतील याचे तक्ते बनवायचे. लोकांना तहान मात्र तक्ता न वाचताच लागायची, त्यामुळे अंदाज दर वेळी चुकायचा. मग तो का चुकला याचा दुसरा तक्ता. त्या तक्त्यावर बैठक, आणि बैठकीत काय ठरलं याचा तिसरा तक्ता. 'तक्ते' हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पण नाव असं चिकटलं होतं की दारावरचा रखवालदारही त्याच नावाने हाक मारायचा, आणि साहेब ओ द्यायचे.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग मनुष्यबळ विभागात एक नवी बाई आली. वय जेमतेम तिशीचं, उत्साह दहा जणांचा. तिने आल्या आल्या सगळ्यांना एक फॉर्म वाटला: 'आपण नेमके काय काम करता, ते पन्नास शब्दांत लिहा.' त्या दिवसापासून तिचं नाव फॉर्मवाली पडलं. साहेब फॉर्म घरी घेऊन गेले. जेवण झाल्यावर टेबलाशी बसले, डोकं खाजवलं, पेन झटकलं. अकरा शब्द झाले. त्यातले तीन 'इत्यादी' होते.

अशी वेळ आली की शहाणी माणसं रजा काढून झोपतात. साहेब मोबाइल घेऊन बसले. त्यात त्यांना एक गृहस्थ दिसले. डोक्यावर गवती टोपी, हातात टोपलीभर लालबुंद टोमॅटो, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. "मी नोकरी सोडली आणि त्या दिवशी जगायला लागलो," असं ते गृहस्थ सांगत होते. शेतात राबणाऱ्या माणसाचा सदरा इतका पांढरा कसा, हा प्रश्न एकवीस वर्षं आकड्यांत घालवलेल्या माणसाला पडायला हवा होता. नाही पडला.

महिन्याभरात राजीनामा. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं. "मी मातीकडे परत जातो आहे," ते म्हणाले, आणि आवाज जरा कापला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'परत' हा शब्द कोणी मनावर घेतला नाही. साहेबांचा जन्म चौथ्या मजल्यावरचा. वडील टपाल कचेरीत, आजोबा शाळामास्तर. मातीशी त्यांचा आजवरचा संबंध म्हणजे गॅलरीतली एक कुंडी, आणि तीही बायको पाणी घालायची म्हणून जगलेली.

बायको एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसणाऱ्या बाईला नवरा आरपार दिसतो. ती म्हणाली, "झाकणांचा तुला कंटाळा आला, हे मला समजतं. पण भाजीपाल्याला तू आवडशील का, हे कोणी विचारलंय?"

"तुला सगळ्याची थट्टाच सुचते."

"थट्टा नाही. एक वर्ष घे. मी माझी नोकरी सोडणार नाही, आणि शनिवार-रविवार येईन. वर्षानंतर बघू."

शहरापासून दीड तासावर अर्धा एकर जमीन मिळाली. त्यावर दोन खोल्या, वर पत्रा, मागे विहीर आणि दमेकऱ्यासारखा खोकणारा पंप. साहेबांनी पहिल्या दिवशी काय केलं असेल? कुदळ घेतली? खत आणलं? छे. पडवीत पांढरा फळा टांगला. त्यावर चार रंगांच्या पेनांनी वर्षाचं नियोजन उतरलं. जमिनीचे सहा वाफे पाडले, त्यांना क्रमांक दिले, प्रत्येक क्रमांकासमोर पीक, तारीख आणि 'अपेक्षित निष्पत्ती'. रोज सकाळी आठ वाजता साहेब फळ्यासमोर उभे राहून आढावा घ्यायचे. बैठकीला एकटेच असल्यामुळे सगळे ठराव एकमताने मंजूर व्हायचे.

पिकांना मात्र बैठकीचं निमंत्रण नव्हतं. मुळा फळ्यावर आठवड्या-आठवड्याने काढायचा होता. जमिनीत तो सगळा एकाच दिवशी तयार झाला, आणि तीन दिवसांत लाकूड होऊन बसला. गाजरं आली, पण प्रत्येक गाजराला दोन पाय. बायकोने एक उचलून पाहिलं आणि म्हणाली, "हे पळून निघालं होतं वाटतं." टोमॅटो उत्तम आले, खरंच उत्तम, पण ते नेमके त्याच आठवड्यात आले ज्या आठवड्यात पंचक्रोशीतल्या प्रत्येकाचे उत्तम टोमॅटो आले. बाजारात साहेब सकाळपासून दुपारपर्यंत टोपलीमागे उभे राहिले. शेवटी शेजारच्या कोबीवालीला दया आली आणि तिने तिच्या गाईसाठी टोपली नेली. साहेबांचा सदराही एव्हाना पांढरा राहिला नव्हता.

अशा ऐन भरात सासरे येऊन दाखल झाले.

सासरे सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होते. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतलेला माणूस. निवृत्तीनंतर तेच काम फुकट करत होता. त्यांचं बालपण मात्र शेतात गेलेलं, आणि शेतही दुसऱ्याचं. सतराव्या वर्षी ते तिथून जे पळाले ते शहरात येऊन थांबले, आणि पुन्हा कधी मातीत पाय ठेवणार नाही असं म्हणून त्यांनी आयुष्यभर बुटाला पॉलिश केलं. जावयाने आपण होऊन शेत विकत घेतल्याचं कळलं तेव्हा ते दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते म्हणे.

बसमधून उतरले, पडवीत आले, खुर्ची ओढली. "जावईबापू," ते म्हणाले, "चिखलातून बाहेर पडायला मला सतरा वर्षं लागली. तुम्ही पदरमोड करून आत शिरलात. दोन दिवस राहीन, तुम्हाला शुद्धीवर आणीन आणि जाईन."

"बाबा, तुम्हाला शेतीतलं कळतं. जरा सांगा ना, चुकतंय कुठे?"

सासऱ्यांनी चष्मा लावला, फळा वाचला. वरून खाली, सावकाश. मग बोट ठेवलं. "इथे चुकलंय. खुरपणीतला खु ऱ्हस्व."

दोन दिवसांचे पाच आठवडे झाले. सासरे झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे, पायात मोजे, बूट, आणि मांडीवर वर्तमानपत्र. जावई वाफ्यात वाकला की ते वर्तमानपत्राच्या वरून बघायचे. एक शब्द शिकवायचा नाही, असा पणच केला होता जणू. फक्त मधूनच हुं करायचे. हुंकाराचे प्रकार होते. लहान हुं म्हणजे साधी चूक. लांब हुं म्हणजे पीक गेलं. साहेब हळूहळू हुंकारावरून शेती शिकू लागले. पाणी जास्त झालं की हुं, कुदळीचा दांडा चुकीचा धरला की हुं. एकदा साहेबांनी कांद्याची रोपं लावायला घेतली, आणि सकाळभर एकही हुं आला नाही. त्यांनी घाबरून मागे वळून पाहिलं. सासऱ्यांना झोप लागली असेल असं वाटलं. सासरे टक्क जागे होते. बघत होते, आणि बघताहेत हे कळल्यावर त्यांनी घाईने पान उलटलं.

कांदे वाफा क्रमांक पाचमध्ये. पंधराशे रोपं, दोऱ्यात सरळ. पंधरा दिवसांत त्यांनी जीव धरला.

पण साहेबांनी तोवर जीव सोडला होता. कंबर वाकायची, मग सरळ व्हायची नाही. तळहाताला फोड, फोडावर फोड. आठवड्याचे पाच दिवस बोलायला कोण, तर हुंकार देणारे सासरे आणि खोकणारा पंप. बायको शनिवारी यायची, काही विचारायची नाही, आणि तिचं न विचारणं जास्त टोचायचं. एका दुपारी साहेब पडवीत बसले आणि मोठ्या साहेबांना पत्र लिहिलं. मोठे साहेब म्हणजे कंपनीतले त्यांचे जुने वरिष्ठ. पत्रात 'मातीने मला खूप काही शिकवले' वगैरे मजकूर बराच होता. खरी ओळ शेवटी, खाली मान घालून बसलेली: जागा असल्यास परत यायची इच्छा आहे.

पत्राचा कच्चा कागद टेबलावर ठेवून ते पंप बघायला गेले. परत आले तर कागद जागच्या जागी. फक्त लाल पेन्सिलीने दोन शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले. सासरे झाडाखाली वर्तमानपत्र वाचत होते.

साहेबांची मान लाल झाली. त्यांना वाटलं, म्हातारा आता हसेल, 'मी म्हणालो नव्हतो' म्हणेल. म्हाताऱ्याने नुसतं पान उलटलं. साहेबांनी दुरुस्त्यांसह पत्र पाठवलं.

उत्तर चौथ्या दिवशी आलं. मोठ्या साहेबांना आनंद झाला होता. शिवाय योगायोग असा, की कंपनीचा 'संघभावना दिन' जवळ आला होता. दर वर्षी सगळ्यांना एका हॉटेलात नेऊन डोळे बांधून एकमेकांच्या अंगावर पाडत असत. यंदा फॉर्मवालीने 'मातीशी नातं' असा विषय काढला होता. तर सगळे शनिवारी शेतावरच येतील, थोडं काम करतील, आणि साहेबांच्या जागेचंही तेव्हाच बोलून घेऊ.

तक्तेसाहेबांना एकदम तरतरी आली. कोणाला तरी तक्ता द्यायचा होता! रात्री निवांत झोप लागली आणि सकाळी त्यांनी अठरा प्रती काढल्या. शेताचा नकाशा, सहा वाफे, क्रमांक, आणि खाली ठळक अक्षरांत: 'वाफा क्रमांक दोन: संपूर्ण तण मुळासकट उपटणे.' दोन नंबरच्या वाफ्यात पाहुण्यांसाठी खास तण वाढू दिलं होतं.

शनिवारी सकाळी बस आली. मोठ्या साहेबांशिवाय अठरा माणसं, अठरा एकसारख्या टोप्या, हातात नवे कोरे रबरी मोजे. बसवाल्याला पुढच्या अरुंद वाटेने येता येईना, म्हणून त्याने मंडळींना मागच्या बाजूला, विहिरीपाशी उतरवलं. मोठे साहेब तेवढे बांधावरून चालत पुढे घरात आले. बायकोने चहा ठेवला. सासऱ्यांनी गर्दीचा आवाज ऐकला आणि वर्तमानपत्र तोंडावर ओढून घेतलं.

मोठे साहेब खुर्चीत टेकले. "तुमच्याशिवाय विभाग ओस पडलाय, तक्ते. त्या फॉर्मवर तुमच्या जागेसमोर काय लिहावं, हे अजून कोणाला सुचलेलं नाही. म्हणून जागाही रद्द करता आली नाही."

एखाद्याला हे कौतुक वाटलं नसतं. साहेबांना वाटलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे मी..."

"या ना. एक तारखेपासून या. सोमवारी फोन करून होकार कळवा, म्हणजे मी कागद पुढे सरकवतो."

बायको दाराशी उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. साहेब काही बोलणार, एवढ्यात बाहेरून आवाज आला. आयुष्यात असा हुं साहेबांनी ऐकला नव्हता. तो हुं नव्हताच. "अरे मेल्यांनो!" असे ते स्पष्ट शब्द होते.

सगळे धावले. वाफा क्रमांक दोन जसाच्या तसा उभा होता, तण वाऱ्यावर डोलत होतं. वाफा क्रमांक पाच मात्र न्हाव्याने हजामत केल्यासारखा साफ. बांधावर कांद्याच्या रोपांचा हिरवा ढीग, आणि त्या ढिगाभोवती अठरा माणसं घाम पुसत, फोटो काढत उभी.

"वीस मिनिटांत पूर्ण!" फॉर्मवाली आनंदाने ओरडली. "तक्त्यात दिलं होतं अगदी तसं. दुसरा वाफा, मुळासकट."

साहेबांनी तिच्या हातातला कागद घेतला. क्रमांक डावीकडून दिले होते. घराकडून बघणाऱ्याच्या डावीकडून. मंडळी उतरली विहिरीकडून, आणि तिथून दुसरा म्हणजे पाचवा. एकवीस वर्षांत साहेबांनी हजारो तक्ते केले, त्यातला एकही कोणी कधी धड वाचला नाही. पहिल्यांदा अठरा माणसांनी त्यांचा तक्ता तंतोतंत पाळला होता.

"पण हे गवतच होतं ना?" फॉर्मवालीचा चेहरा उतरत चालला. "गवतासारखंच दिसत होतं."

"लहानपणी सगळं गवतासारखंच दिसतं, बाई," सासरे म्हणाले. ते बांधावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होते. बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले, पँट दुमडली आणि पांढरेफटक पाय वाफ्यात टाकले. मग त्यांनी मागे वळून जी आज्ञा सोडली, ती पन्नासेक वर्षं आत दाबून ठेवलेली असावी.

"बघत काय उभे राहिलात? ऊन चढलं की मेली सगळी. ढीग सावलीत घ्या! दोन पोती भिजवून त्यावर टाका. जावईबापू, पंप सुरू करा. पोरी, कात्री आण घरातून, पात वरून एक तृतीयांश कापायची. मुळाला हात लावलास तर बघ. आणि तुम्ही टोपीवाले, रांगेत बसा. चार बोटं अंतर, बोटभर खोल, वरून अंगठ्याने दाबा. तुम्ही!"

हे शेवटचं मोठ्या साहेबांना होतं.

"मी?"

"कोट काढा आणि पाणी घाला. झारी तिथे आहे. धार नको, शिंपडा."

मोठ्या साहेबांनी दहा वर्षांत कोणाची आज्ञा ऐकली नव्हती. त्यांनी कोट काढला.

दुपार कलली तरी कोणी उठलं नाही. संघभावनेचं माहीत नाही, पण पाठीचे कणे सगळ्यांचे एकाच वेळी दुखायला लागले. बायको पात कापत होती, लॅबमध्ये काचपट्ट्या हाताळते तशी, नेमकी. फॉर्मवाली गुडघ्यावर बसून रडत रडत रोपं लावत होती, आणि सासरे तिच्या मागून फिरत होते. "वाकडं. ते पण वाकडं. हां, हे बरं आहे." साहेब पंपाशी झगडून आले आणि सासऱ्यांच्या शेजारच्या ओळीत बसले. साहेबांची सात रोपं लावून व्हायची तोवर म्हाताऱ्याची पंधरा. शेवटची ओळ भरली तेव्हा सासरे पुटपुटले, "रोपं लावताना तुमचा हात चांगला चालतो. त्या दिवशीही चालत होता."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही राहाल म्हणून."

निघताना मोठ्या साहेबांच्या पँटीला गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्यांनी बसच्या दारातून आठवण केली, "सोमवारी फोन. विसरू नका." साहेबांनी मान डोलावली. दिवस संस्मरणीय झाला, असं फॉर्मवाली सगळ्यांना सांगत होती. तिचा आवाज मात्र बसला होता.

रविवारी सगळी रोपं आडवी. सोमवारी सकाळीही आडवी. साहेब उजाडल्यापासून वाफ्याशी उकिडवे. सासरे आले, तेही उकिडवे बसले. पाणी द्यावं की नको यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. साहेब म्हणाले द्यावं, सासरे म्हणाले मुळं कुजतील. सासऱ्यांनी 'तुम्ही झाकणं मोजा' असं ऐकवलं, साहेबांनी 'तुम्ही वेलांट्या मोजा' असं सुनावलं. जावयाने सासऱ्याला तोंडावर असं बोलण्याची ही पहिलीच वेळ. सासरे खूश दिसले. शेवटी अर्ध्या वाफ्याला दिलं, अर्ध्याला नाही. मंगळवारी सहा पाती उभ्या राहिल्या; साहेबांनी त्या पुनःपुन्हा मोजल्या. बुधवारी सकाळी पाहिलं तर निम्म्याहून जास्त वाफा मान वर काढून उभा, पाणी दिलेला भाग आणि न दिलेला भाग सारखाच, त्यामुळे भांडणाचा निकाल काही लागला नाही.

साहेबांनी आधी बायकोला फोन केला. आकडा सांगितला, उजवीकडची ओळ कशी आहे, डावीकडची कशी, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "आणि त्यांना काय कळवलंस?"

"कोणाला?"

पलीकडून तिच्या हसण्याचा आवाज आला. साहेबांच्या डोक्यात तेव्हा कुठे सोमवार उगवला.

मोठ्या साहेबांना फोन लावला तेव्हा त्यांनी खुलासा मागितला नाही. कांदे जगले का, एवढंच विचारलं. मग ओशाळत्या आवाजात, रोपं लावून झाल्यावर साधारण किती दिवसांनी पाणी देणं बंद करायचं तेही विचारलं. त्यांनी गॅलरीत काहीतरी लावलं होतं.

कांदे काढायला आणखी तीन महिने गेले. उपटून पुन्हा लावलेला माल, तो काय भरणार? लिंबाएवढे झाले, काही सुपारीएवढे. साहेबांनी पडवीत पसरून ठेवले. सासरे अनवाणी येऊन त्यांच्यासमोर उभे राहिले, एक उचलला, उन्हात फिरवून पाहिला.

"लसूण म्हणून विका," ते म्हणाले, आणि वाळवायला पाती कशा बांधायच्या ते दाखवायला खाली बसले.